मुख्य कार्यालयाकडे हिशेब कसा मागावा: खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळींच्या सभासदांसाठी

कापणीच्या सणाला वेदीपुढं काय काय येतं ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. नंदुरबारकडं मिरची आणि पपई, रावेर-यावलकडं केळीचे घड, कुठं ज्वारीची गोणी, कुठं पाय बांधलेला कोंबडा. उपासना झाली की लिलाव. कापूस वेचायला जाणारी बाई किलोवर मिळालेल्या मजुरीतून दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, देवासाठी बाजूला काढते. गुजरातेत ऊसतोडीला गेलेलं कुटुंब गावी परतलं की सगळ्या हंगामाचा दशांश एकाच पाकिटात घालून आणतं.

मी बरीच वर्षं एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार होतो. या पैशातला ठरलेला हिस्सा दरवर्षी, सगळ्या मंडळ्या जिच्याखाली येतात त्या संस्थेच्या मुख्य कार्यालयाला जायचा. कुठं त्याला असेसमेंट म्हणतात, कुठं सेंट्रल फंड, कुठं नुसतं ‘वरचे पैसे’. त्या पैशाचं पुढं काय होतं, असं एका वार्षिक सभेत मी विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, “भाऊ, देवना पैसाना हिशोब देव लेई.” सभा गप्प बसली. मीही बसलो, आणि ते माझं चुकलं. नंतर कायदा वाचला, कार्यालयांच्या पायऱ्या चढलो आणि काही गोष्टी उशिरा शिकलो. त्या इथं क्रमानं लिहितो आहे. सगळ्याचं सार एवढंच: माणसावर आरोप करण्याआधी कागद मागा, आणि एकट्यानं मागू नका.

हिशेब मागणं हे बंड आहे का?

हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच दिवशी घरातूनही विचारला जाईल, म्हणून त्याचं उत्तर आधी मनाशी पक्कं करा. बायबलमध्ये बघा: यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत प्रेषित पौलानं एकट्यानं नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला आणि कारणही लिहून ठेवलं: या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये, आणि जे प्रभूपुढं योग्य ते माणसांपुढंही योग्य दिसावं (२ करिंथ ८). प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपाबद्दल कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना बंडखोर ठरवलं नाही, सात माणसं निवडायला लावली.

२ राजे, अध्याय १२ तर सगळा वाचाच. त्याच अध्यायातलं पंधरावं वचन तुमच्यापुढं ठेवलं जाईल: कामगारांना पैसे देणाऱ्या माणसांकडून हिशेब घेत नसत, कारण ती प्रामाणिकपणे वागत. पण त्याआधी काय घडलं? योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी मंदिराची डागडुजी केलीच नव्हती. म्हणून राजानं पैसे गोळा करण्याचं काम त्यांच्याकडून काढलं. यहोयादा याजकानं पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजत. पंधराव्या वचनातला विश्वास या व्यवस्थेवर उभा आहे.

आधी आपलं घर

मुख्य कार्यालयाला पत्र लिहिण्याआधी स्वतःच्या मंडळीचं दप्तर तपासा. ही पायरी गाळली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या डळमळतात, कारण पहिलं प्रत्युत्तर ‘तुमच्या गावचा हिशेब कुठं आहे?’ हेच असतं.

अर्पणाची पिशवी उपासनेनंतर लगेच, तिथंच, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावी. रक्कम वहीत शब्दांत आणि आकड्यांत लिहून दोघांनी सही करावी. खजिनदार तिसरा असावा. मोजणारे दर महिन्याला बदलावेत. दशांशाच्या पाकिटाला क्रमांक असलेली पावती द्यावी. लिलावाची यादी वेगळी ठेवावी: वस्तू, घेणाऱ्याचं नाव, बोलीची रक्कम, आलेली रक्कम. आमच्याकडं सर्वांत मोठी गळती इथंच होती. चोरी कोणीच करत नव्हतं. बोली भर सभेत लागायची, पैसे ‘पुढच्या रविवारी’ यायचे आणि वहीत काही नसल्यामुळं पुढचा रविवार विसरला जायचा.

सोमवारी रक्कम बँकेत भरा. खातं मंडळीच्या नावानं हवं, दोन सह्यांचं. पाळकांच्या (पास्टरांच्या) किंवा खजिनदाराच्या वैयक्तिक फोनवरच्या यूपीआय क्रमांकावर अर्पण घेणं आजच बंद करा. त्या माणसाच्या मनात काही खोट असते असं नाही, पण दोन वर्षांनी मंडळीचे पैसे कोणते आणि घरचे कोणते हे त्यालाही सांगता येत नाही.

मुख्य कार्यालयाला पाठवलेल्या प्रत्येक रकमेची पावती किंवा बँकेची नोंद वर्षवार लावा. तुमच्या हातातला पहिला पुरावा हाच. मंडळीच्या सभासद नोंदवहीत तुमचं नाव चालू आहे ना, हेही बघून घ्या. ‘हे सभासदच नाहीत’ असं पुढं म्हटलं जाऊ शकतं.

तुमची संस्था कायद्याच्या नजरेत कोण आहे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशननं काम केलं. १९४९ पासून ते ‘टीम’ या नावानं ओळखलं जातं. भुसावळ-चाळीसगाव पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. रोमन कॅथलिक धर्मप्रांतांची रचना आणखी वेगळी. याशिवाय अलीकडच्या स्वतंत्र मंडळ्या आहेत. रविवारी आपण ज्या नावानं जमतो, त्याच नावानं संस्था नोंदलेली असेल असं नाही. जमीन एका ट्रस्टच्या नावावर, शाळा दुसऱ्या सोसायटीच्या आणि बँक खातं तिसऱ्याच नावानं, हे सर्रास आढळतं.

म्हणून पहिला शोध नोंदणी क्रमांकाचा. पावतीपुस्तक, लेटरहेड, जुनी निमंत्रणपत्रिका, शाळेचा बोर्ड, कुठंतरी तो सापडतो. क्रमांकाआधी एक अक्षर असतं. ‘एफ’ असेल तर संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहे आणि शिवाय सार्वजनिक न्यासही (पब्लिक ट्रस्ट) आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आधीचं नाव मुंबईपासून सुरू व्हायचं, जुन्या कागदांवर तेच दिसेल) चर्चलाही लागू होतो.

क्रमांक घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. संस्था ज्या जिल्ह्यात नोंदली आहे तिथल्या सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्तांकडं तिचं दप्तर असतं. मुख्य कार्यालय मुंबईत किंवा नागपुरात असेल तर खेप तिकडं पडेल. तिथं ‘शेड्यूल वनचा उतारा’ मागा. न्यासाच्या नोंदवहीतला हा उतारा म्हणजे संस्थेचा सातबाराच समजा. त्यात संस्थेचे उद्देश, विश्वस्तांची नावं, विश्वस्त निवडण्याची पद्धत आणि स्थावर मिळकतीची यादी असते. नकलेचा अर्ज करून, फी भरून प्रमाणित प्रत घ्या. सोबत घटना, म्हणजे नियमावलीची प्रतही मागा.

उताऱ्यावर विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते नीट वाचा. याच अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणं विश्वस्त बदलले किंवा मिळकतीत फरक पडला की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं अजून असतील, किंवा आज चेकवर सह्या करणाऱ्यांचं नावच नसेल, तर चेंज रिपोर्ट दिला होता का, तो मंजूर झाला की प्रलंबित आहे, हे विचारा. पुष्कळ वाद याच धाग्यानं उलगडतात.

ऑडिट रिपोर्ट कसा वाचावा

कलम ३२ विश्वस्तांना हिशेब ठेवायला सांगतं, ३३ लेखापरीक्षण करून घ्यायला. बहुतेक संस्थांचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ऑडिट पूर्ण व्हावं लागतं. त्यात ताळेबंद (शेड्यूल आठ), जमाखर्च (शेड्यूल नऊ) आणि ऑडिटरचा अहवाल असतो. ठरावीक मर्यादेवर उत्पन्न असलेल्या न्यासाला कलम ३१-ए प्रमाणं वर्ष सुरू होण्याआधी अंदाजपत्रकही द्यावं लागतं.

लोक आकड्यांनी घाबरतात. मी सुचवतो की सुरुवात आकड्यांपासून करूच नका. आधी ऑडिटरचा अहवाल घ्या. नियमानं ऑडिटरला ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात: हिशेब नियमित ठेवले का, रोख शिल्लक जुळते का, खर्चाच्या पावत्या दाखवल्या का, जंगम वस्तूंची यादी आहे का, एका कामाचा पैसा दुसऱ्याकडं वळवला का, एक वर्षाहून जुनी येणी किती, पाच हजारांवरच्या बांधकामाला किंवा दुरुस्तीला निविदा मागवल्या का, गुंतवणूक कलम ३५ ला धरून आहे का, मिळकत कलम ३६ मोडून दिली का. ‘निविदा मागवल्या नाहीत’ किंवा ‘पावत्या उपलब्ध झाल्या नाहीत’ असं ऑडिटरनंच लिहिलं असेल, तर तुम्हाला स्वतःहून काही सिद्ध करायची गरज उरत नाही. तेवढं वाक्य पत्रात उतरवा आणि खुलासा मागा.

मग तीन वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवा. मुदत ठेवी घटत चालल्यात का? कोणा व्यक्तीच्या नावे दिलेला ॲडव्हान्स वर्षानुवर्षं तसाच पुढं ओढला जातोय का? पाळकांच्या निवृत्तीसाठी किंवा बोर्डिंगच्या मुलांसाठी राखून ठेवलेला निधी तेवढाच आहे का? कोर्टकचेरीचा खर्च किती, प्रवासखर्च किती? शेवटी, तुमच्या मंडळीनं पाठवलेली रक्कम जमेच्या बाजूला सापडते का? ‘मंडळ्यांकडून आलेलं अंशदान’ असा एकच आकडा असेल तर त्याची मंडळीवार फोड मागा. शेजारच्या चार-पाच मंडळ्यांच्या खजिनदारांना सोबत घेऊन आपापल्या पावत्यांची बेरीज मांडलीत, तर एका संध्याकाळी बरंच कळतं.

पत्र

मत्तय १८ चा क्रम इथं उपयोगी पडतो. आधी एकट्यानं भेटा, मग दोघा-तिघांसह, मग मंडळीपुढं. पाळक साहेबांना किंवा मुख्य कार्यालयाच्या सचिवांना भेटून तोंडी विचारा. अर्ध्या वेळा काम इथंच होतं, कारण आजवर कोणी विचारलेलंच नसतं. आपले पाळक या साखळीत मधल्यामध्ये अडकलेले असतात, त्यांची बदली आणि पगार वरच्यांच्या हातात. त्यांना सही करायला भाग पाडू नका.

भेटून काम झालं नाही तर लेखी मागा. मजकूर साधा ठेवा:

“प्रति, माननीय सचिव. विषय: मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मिळण्याबाबत.
प्रभू येशूच्या नावात सलाम. आम्ही खाली सह्या करणारे सभासद आहोत. आमच्या मंडळीनं तीन वर्षांत पाठवलेल्या रकमांचा तक्ता सोबत जोडला आहे. कृपया (१) तीन वर्षांचा ताळेबंद, जमाखर्च व ऑडिटरचा अहवाल, (२) चालू वर्षाचं अंदाजपत्रक, (३) स्थावर मिळकतीची अद्ययावत यादी आणि (४) सध्याच्या विश्वस्तांची नावं व मुदत, यांच्या प्रती ३० दिवसांत द्याव्यात. प्रतींचा खर्च आम्ही भरू. आमचा कोणाही व्यक्तीवर आरोप नाही.”

शेवटचं वाक्य मनापासून लिहा आणि पाळा. सह्या किमान पाच-सात हव्यात आणि त्यात बायकांच्या असाव्यात, कारण दशांश देणाऱ्यांत त्याच जास्त असतात. पत्र हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, नाहीतर पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवलं तर तेवढ्यावर विसंबू नका.

वार्षिक सभा

घटनेत सभेची नोटीस किती दिवस आधी हवी, गणपूर्ती किती, सभासदाला विषय मांडता येतो का, हे आधी वाचा. विषय मुदतीत, लेखी द्या. ‘आयत्या वेळच्या विषयां’च्या भरवशावर राहू नका, तोवर जेवणाची वेळ झालेली असते. ठराव एकच आणि छोटा असू द्या: दरवर्षी ऑक्टोबरअखेर ऑडिट झालेला हिशेब प्रत्येक मंडळीला पाठवावा आणि दर्शनी फलकावर लावावा. याला विरोध करणं कोणालाही अवघड जातं. ठराव मांडणारा आणि अनुमोदन देणारा वेगवेगळ्या गावचा असला तर उत्तम. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करताना कान उघडे ठेवा आणि न झालेली गोष्ट लिहिलेली असेल तर तिथंच उभं राहून दुरुस्ती सांगा.

जमीन

पैशापेक्षा जमिनीकडं जास्त लक्ष द्या, असं मी प्रत्येक मंडळीला सांगतो. खर्च झालेला पैसा पुढच्या वर्षी पुन्हा येतो. मिशनच्या काळातला गावालगतचा बंगल्याचा प्लॉट गेला की गेला.

शेतजमिनीचा सातबारा आणि फेरफार, शहरातल्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड, हे कोणालाही काढता येतं. सातबारा महाभूलेखवर बघता येतो, प्रॉपर्टी कार्डासाठी सिटी सर्व्हेचा क्रमांक लागतो. व्यवहार झाल्याचा संशय असेल तर दुय्यम निबंधकांकडून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, घ्या. मग शेड्यूल वनमधली यादी आणि हे उतारे ओळीनं जुळवून बघा.

कलम ३६ स्पष्ट आहे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता, अदलाबदल करता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानं देता येत नाही. न्यासाच्या नावे कर्ज काढायलाही ३६-ए प्रमाणं मंजुरी लागते. रस्त्याकडच्या भिंतीलगत अचानक गाळे उभे राहिले, तर भाडेकरार किती वर्षांचा, भाडं कोणत्या खात्यात जमा होतं आणि अनामत किती घेतली, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडच्या मंडळ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पुष्कळ पाड्यांवर प्रार्थनाघर एखाद्या विश्वासणाऱ्या आदिवासी भावाच्या शेतात, त्याच्या तोंडी शब्दावर उभं असतं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडं जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. ट्रस्टच्या यादीत ती जागा नसते आणि सातबाऱ्यावर चर्चचं नाव नसतं. तो भाऊ हयात असताना वकिलाचा सल्ला घ्या, त्याच्या मुलांना सोबत बसवा.

परदेशी देणगी

संस्थेला परदेशातून पैसा येत असेल तर २०१० चा परदेशी योगदान कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही. दरवर्षीचं एफसी-४ विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं असतं. पत्रात त्याचीही प्रत मागा. अमुक कामाला पैसे आले होते म्हणे, अशा कुजबुजीवर हाच एक उपाय आहे.

उत्तरच आलं नाही तर

तीस दिवस थांबा, एक स्मरणपत्र द्या, आणखी पंधरा दिवस थांबा. मग धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरात संस्थेनं काय दाखल केलं आहे ते बघा. तपासणीचा आणि नकलेचा अर्ज तिथं करता येतो. ऑडिट दाखल झालंय की नाही एवढंच हवं असेल तर त्या कार्यालयाकडं माहिती अधिकाराचा अर्जही चालतो: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस, ते न आल्यास पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत.

यानंतर तक्रार. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-बी खाली हितसंबंधी व्यक्तीच्या लेखी तक्रारीवर चौकशी होऊ शकते. ४१-ए खाली कारभार नीट चालावा म्हणून विश्वस्तांना निर्देश देता येतात. हिशेब वारंवार दाखल न करणं, विश्वासघात, अपहार अशा कारणांवर ४१-डी खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करता येतं. मिळकत हातची जाण्याची भीती असेल तर ४१-ई. त्यासाठी किमान दोन हितसंबंधी व्यक्तींचा, प्रतिज्ञापत्रासह अर्ज लागतो. वडिलाविरुद्धची, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्याविरुद्धची, तक्रार दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय घेऊ नये असं पौल तीमथ्याला लिहितो. कायदाही इथं दोघंच मागतो, हे वाचलं तेव्हा मला धीर आला.

१ करिंथ ६ दाखवून कोर्टात जाऊ नका असं सांगितलं जाईल. त्या वचनाचा मान ठेवा आणि म्हणूनच आधीची एकही पायरी गाळू नका. पण न्यास नोंदवून घेताना हिशेब या कार्यालयाला दाखवायचं बंधन आपल्याच संस्थेनं स्वीकारलेलं असतं. ते पाळायला लावणं हे भावाला कोर्टात खेचणं नव्हे, असं माझं मत आहे. तरी अर्जाआधी या कामातला वकील गाठा, तारखा पडत राहणार हे धरून चाला आणि खर्चाची वर्गणी आधी ठरवा. त्या वर्गणीचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहा.

जपायच्या गोष्टी

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘चोर’ हा शब्द एकदा लिहिला की तुमची बाजू तिथंच पडते. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि समोरचा पक्ष तो वापरतो. त्याहून वाईट म्हणजे हिशेबाचा मुद्दा मागं पडून रविवारी दोन गट दोन बाकांवर बसू लागतात. तो रविवार मी पाहिला आहे.

आपल्या भागात मंडळ्यांवर आधीच बाहेरच्यांची नजर असते, मग हे उघड्यावर कशाला, अशी भीती अनेकांना वाटते. ती खरी आहे. कागदाच्या वाटेनं गेलात तर पत्रकार परिषदेची किंवा कोणा राजकीय पुढाऱ्याची गरज लागत नाही. पुढारी मदत करायला आला तर नम्रपणे नको म्हणा. पाळकांचा पगार किंवा बोर्डिंगचं धान्य अडवून दबाव आणू नका. वरचा हिस्सा थांबवायचाच असेल तर मंडळीच्या ठरावानं तो वेगळ्या खात्यात जमा ठेवा आणि तसं लेखी कळवा.

आणि हिशेब आला, तर तो कपाटात ठेवू नका. उपासनेनंतर अर्धा तास काढून वाचा, जिथं अहिराणी समजते तिथं अहिराणीत, जिथं मावची तिथं मावचीत. ताळेबंद म्हणजे काय ते आधी सांगा. आमच्याकडं पहिल्यांदा वाचला तेव्हा मागं बसलेल्या एका म्हातारीनं आपल्या मंडळीची रक्कम पुन्हा वाचायला लावली, बोटांवर मोजत मनाशी काहीतरी जुळवलं आणि म्हणाली, “आते आखो वाच, हळू.”